गज्जम, बाकी

अशोक चौकात माझं रिचार्जचं दुकान होतं तेव्हा.
रामुलू गज्जम रोज रात्री दहाला यायचा,
भुवयांवर सुताची कुसं.
"अजून पन्नास मेसेज टाक की. पोरगी पडली नाही पायजे बग."
मी वहीत लिहायचो:
गज्जम, मतं, तीनशे चाळीस बाकी.

पोरगी चौथी आली.
टॉवेलच्या टेम्पोतून मिरवणूक,
विडीवाल्या बायांनी मांडीवरची सुपं खाली ठेवून
हात हलवले.

मग लोक तिच्याकडं दुसऱ्यांचीच गाणी मागत राहिले.
लग्नांत, शोरूमच्या उद्घाटनांत,
एकदा सिमेंटच्या जाहिरातीत नुसतं आ... आ...
स्वतःची नऊ गाणी तिनं स्वतःच्या पैशानं काढली.
किती जणांनी ऐकली, माहीत नाही.
मी ऐकली. दोन आवडली.

काल आली.
गिटारच्या पिशवीची चेन गेलेली, सुतळीनं बांधलेली.
"काका, बाबांचं काही राहिलंय का?"
वही काढली.
वाळवीनं तीनशे खाल्ले होते, चाळीस शिल्लक.
तिनं चाळीस मोजून दिले,
आणि पावतीची वाट बघत
बोटांनी काउंटरवर ठेका धरला,
खटाक् खट, खटाक् खट.

रामुलूचे माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली.
तरी मी वळून बघितलं.