आवर्तन

पहाटे चार वाजता मी खाते
अर्धी बाजरीची भाकरी, दुधात कुस्करून,
उभ्यानंच, ओट्याला पाठ टेकून,
भूक नसताना.
आई म्हणते, देवाला नैवेद्य दाखवावा
तसं स्वतःला दाखवतेस, जेवत नाहीस.

पहिल्या महिन्यात मी काही न खाता पळायचे.
रिकामं पोट हलकं, असा माझा हिशेब.
मखमलाबादच्या पाटाकडेनं तीनशे मीटर
खरंच हलकं वाटायचं.
मग चारी फुटते तिथं डोळ्यांपुढं
द्राक्षाच्या मांडवाच्या तारा एकदम ढिल्या पडायच्या
आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून
मुंग्यांची रांग बघत राहायचे.

एका रविवारी उलटं.
मामाच्या हॉटेलात मिसळ, दोन पाव,
तर्री वरून मागून घेतली, दही, पापड.
"पोरीला पळायचंय," मामा ओरडला, "हात आखडू नको रे."
पाऊण तासानं मैदानावर
ती सगळी मिसळ माझ्याबरोबर पळत होती,
माझ्यापेक्षा एक पाऊल पुढं.
उजव्या बरगडीखाली कुणी दाभण घातलं.
ठेटे सरांनी घड्याळ खिशात टाकलं,
काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

अण्णांना सांगितलं. अण्णा पाटकरी,
तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाण्याच्या वेळा सांभाळलेला माणूस.
सायकलची चेन पुसता पुसता त्यांनी ऐकलं.
म्हणाले, पाट एकच असतो, बाई.
वरच्या वावराला दार उघडलंस
की खालच्याला पाणी कमी.
पोट वरचं वावर. पाय खालचं.
आधी वरचं भिजू दे,
दार नीट लाव,
मग सोड खाली.
किती वेळानं? मी विचारलं.
माती बघून, ते म्हणाले.

माझी माती दोन तासांची निघाली.
रोशनी गांगुर्डेची अर्ध्या तासाची:
ती केळं सोलत सोलत मैदानात शिरते
आणि मला हरवते.
याचा राग मी वहीत लिहून ठेवलाय,
तारीख, काय खाल्लं, किती वाजता, किती सेकंद.
साबुदाण्याच्या खिचडीपुढं नुसती फुली.

भरतीच्या दिवशी आडगावला
सहाची वेळ होती.
सहा वाजता माझे पाय
वाफसा आलेल्या जमिनीसारखे, पेरा काहीही.
सात वाजले. उंची मोजली. नऊ.
कागद, अंगठा, छातीवर नंबर, पुन्हा रांग.
साडेदहाला पोटातलं दार करकरायला लागलं,
कोरडं.
माझी वही, माझे दोन तास, सगळं
कुणाच्या तरी टेबलावर फायलींखाली दबलं.

रोशनीचं केळं बॅगेत काळं पडलेलं.
माझ्या खिशात पुडी, अण्णांनी दिलेले बेदाणे,
"पाणी उशिरा सुटलं तर असू दे."
मी मोजले. सतरा.
तिला देताना हात थांबला,
खोटं का सांगू, थांबला.
दोघी एकाच रांगेत, एकाच जागेसाठी.
मग आठ दिले.
नववा तिनं माझ्या तळहातावरून स्वतःच उचलला.

शिट्टी.
पहिलं आवर्तन मला आठवत नाही.
दुसऱ्यात, शेवटच्या वळणावर,
दाताच्या फटीत अडकलेलं बेदाण्याचं साल सुटलं,
जरासं गोड,
आणि पायांना काहीतरी कळलं.
सर म्हणतात, एवढ्यानं काही होत नसतं,
रक्तात उतरायला वेळ लागतो.
असेल.
पण दार उघडल्याचा आवाज
पाण्याच्या आधी येतो ना.

यादी लागायला अजून आठवडा होता.
दुपारी दोघी मामाच्या हॉटेलात बसलो,
तर्री दोनदा मागितली,
नाक पुसत, काही न बोलता.
पाय टेबलाखाली लांब सोडले
आणि पोटाला सांगितलं,
घे, आता सगळं पाणी तुझं.