एक सुरू होत नाही

अशोक चौकाच्या मागे आमच्या शेडमध्ये
दोघी तोंडाला तोंड लावून उभ्या आहेत.
मॉरिस एट, छत्तीसची, हत्तुरे डॉक्टरांची,
अपरात्री बाळंतपणाला निघायची.
आणि मर्सिडीज, त्र्याऐंशीची, डिझेल,
टॉवेलवाल्या गोवर्धन बुरांनी
दिल्लीत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात उचललेली.

एक सुरू होत नाही, एक बंद होत नाही,
बाकी सगळं लोखंडच, म्हणतात नान्ना.

मॉरिसला हँडल मारताना
अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा.
मूठ वळली आणि उलटा झटका आला, तर गेला.
नान्नांना हे तेराव्या वर्षी कुणी सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाला बिल सांगताना
अजून तोच वाकडा अंगठा वर करतात,
आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

वळायचं असलं की तिच्या खांबातून
छोटा पिवळा हात बाहेर येतो,
उत्तर न येणाऱ्या मुलानं
वर्गात अर्धवट वर केल्यासारखा.

मर्सिडीजचं दार लावलं
की ज्वारीचं पोतं फरशीवर टेकतं.
आधी दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग चावी.
दारांची कुलपं, इंजिन थांबवणं,
सगळं तिचं ओढलेल्या हवेवर.
कुठं एक रबर चिरलं
की चावी काढून खिशात टाकली तरी
ही आपली चालूच.

बुरांचे बत्तीस माग किलोवर गेले.
मग बुराही गेले.

काल दुपारी, सहा व्होल्टची बॅटरी कशीबशी जमवून,
अंगठा नीट ठेवून,
सतराव्या हँडलला मी मॉरिस उठवली.
नान्नांना ऐकू येत नाही,
मागाच्या खात्यात एकोणीस वर्षं काढली त्यांनी.
त्यांनी एक तळवा हिच्या बॉनेटवर ठेवला,
एक तिच्या,
आणि डोळे मिटले,
डॉक्टर मिटायचे तसे, म्हणे, पोटावर हात ठेवून.

चार मिनिटांत मॉरिस खोकली, गप्प झाली.
डावा तळवा त्यांनी तरीही उचलला नाही.

मर्सिडीजची चावी मी काढली होती.
बॉनेटखाली एक खटका असतो, तो दाबला की संपलं.
मी पुढं झाले.
आपकु, म्हणाले नान्ना,
थांबवू नको.

चहाचा पोऱ्या ग्लास गोळा करायला आला,
तिघांकडं बघत उभा राहिला जरा वेळ.
अक्का, म्हणाला,
डिझेल जळायलंय.