छाट

निपाणीहून साडेआठची गाडी धरली.
संकेश्वरला चहा टाळला, सुटे नव्हते.
बेळगावात, कॅम्पातल्या एका बंगल्याचं
आता संग्रहालय झालंय,
आणि तिथं मधुसूदन हलगेकरांची चित्रं लावलीत.
सिनेमे नव्हेत.
कॅमेरा मांडण्याआधी माणूस कागदावर जे मांडून बघतो, ते.

तिकीट तीस रुपये. चपला चालतात म्हणाले,
तरी मी काढल्याच.

पहिल्या खोलीत नुसते चौकोन,
काड्यापेटीएवढे, पेन्सिलीचे,
प्रत्येकाच्या कडेला बाण.
‘ऊन डावीकडून.’
‘म्हातारा इथं थांबेल, खोकेल, मग जाईल.’
‘पाऊस नको, परवडत नाही.’
एका घोड्याला पाच पाय,
पुढचा कुठला उचलायचा ते ठरलं नसावं.
फेट्याचा लाल रंग ओघळून
खालच्या चौकोनातल्या नवरीच्या कपाळावर आलेला,
तो त्यांनी तसाच ठेवला, कुंकू म्हणून.

मी हसले. एकटीच.

आणि तिसऱ्या खोलीत आई.

सूप मांडीवर, कात्री पायाशी,
तेंदूच्या पानावर पत्रा ठेवलेला,
मान अशी खाली
की भांगच आधी दिसतो, मग नाक.
खाली पाटी. वर कन्नड, मध्ये इंग्रजी, शेवटी मराठी.
‘अनोळखी विडी कामगार, निपाणी.’
तिन्ही भाषांत तिला कोणी ओळखत नव्हतं.

मी सात वर्षांची असेन.
उपड्या खोक्यावर बसून एक उंच माणूस
आईकडे बघत होता आणि कागदाकडे,
आईला हजार पुरे करायचे होते,
तिनं मान वर केली नाही.
पुढं एक दिवस खरे दिवे आले, वायरी आल्या,
वखारीत तंबाखूची धूळ सोन्यासारखी उडली,
हजेरी दुप्पट मिळाली.

मग सिनेमा लागला.
आख्खी गल्ली गेली.
आई लागोपाठ तीन खेळ बसली,
दर खेळाला वाटायचं, आता येईल.
घोडा आला, नवरी आली, खोकणारा म्हातारा आला.
रात्री चूल पेटवताना एवढंच म्हणाली,
‘छाटंत गेलो बघ.’

छाट म्हणजे काय, ते निपाणीत पोराला विचारा.
ठेकेदार विडी बोटात फिरवतो,
सैल वाटली की बाजूला फेकतो.
ती मोजत नाहीत.
पान आपलं गेलं, हात आपला गेला,
हिशोबात काही नाही.

‘मुट्टबेडी,’ मागून आवाज आला.
पहाऱ्यावरची पोरगी, खाकी शर्ट ढगळ,
बैलहोंगलची असावी बोलण्यावरून.
माझा हात काचेजवळ गेला होता, मला कळलंही नाही.
मी तिथंच उभी म्हटल्यावर ती जवळ आली.
‘यार्री इवरु?’
‘नम्म अव्वा,’ मी म्हटलं.
मला तेवढं कन्नड येतं.

तिनं पाटी वाचली. मला बघितलं. परत पाटी.
खिशातून बसचं तिकीट काढून
मागच्या बाजूला लिहून घ्यायला लागली.
हौसाबाई बाळू शिप्पूरकर.
‘शिप्पूर’पाशी दोनदा अडली.
सोमवारी साहेब येतात, त्यांना देते म्हणाली.
देईल न देईल.

मग मी तिला कट्टा दाखवला,
सुपाच्या कडेला बांधायला घेतलेला.
कट्ट्यात पंचवीस लागतात.
आम्ही मोजायला बसलो, ती तिच्यात, मी माझ्यात,
ऒंदु, एरडु,
तीन, चार.
दोघींचेही चोवीसच भरले.
चुकले म्हटलं हलगेकर.
आई असती तर कट्टा सोडून पुन्हा बांधायला लावला असता.

पोरीनं मान तिरकी केली.
आणि जे मला करू दिलं नव्हतं तेच केलं,
काचेवर बोट टेकवलं.
‘इल्लि.’

आईच्या हातात.
पान वळलंय,
दोरा अजून दातात आहे.