मोजणी

खारघरहून पल्लवीचा फोन:
आमच्या टॉवरला एकशे बारा झाली,
चॉकलेटं आठलाच संपली,
शेवटी वॉचमननं चेटकिणींना रांगेत उभं केलं.
तुमच्याकडे किती?

आमच्याकडे, म्हटलं, बघू अजून.

नेरूळ, सिडकोची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही.
डब्याच्या झाकणात दोन पाकिटं गोळ्या,
दारावर दिवाळीचंच तोरण.
भोपळा आणला होता,
पण त्याचे घारगे झाले.

पावणेनऊला बेल.
इस्त्रीवाल्याची गुड्डन,
डोक्यावरून कुणाची तरी चादर, इस्त्रीची ऊब अजून तशीच.
गिऱ्हाइकाची, म्हणून भोकं पाडायची नाहीत.
आंधळं भूत, माझ्याऐवजी मीटरच्या पेटीशी बोलणारं.

"काय म्हणायचं असतं?"
तिनंच विचारलं. मला तरी कुठे ठाऊक.
"कितवं घर?"
"पहिलंच."

अख्खं पाकीट पुढे केलं.
तिनं चाचपून एकच गोळी उचलली.
"बाकी लोकांकडे पण जायचंय ना."

बाकी लोक. पंधरा दारं, पंधरा टीव्ही.

थांब, म्हटलं, शंभरपर्यंत मोज,
भुतानं घाई करायची नसते.
आणि गुडघे विसरून जिना चढलो.
कोयंड्यांच्या हातात चार गोळ्या,
मढवींच्या सुनेच्या हातात चार,
फिलोमिना टीचर झोपलेल्या,
त्यांच्या दाराच्या दुधाच्या पिशवीत दोन.
दचका, एवढंच सांगत गेलो,
जमेल तेवढं दचका.

खालून चादरीतून आकडे येत होते,
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
मग पुन्हा चाळीस.
बरंच झालं.
वरचा मजला अजून बाकी होता.