चाळीसच्या खाली

क्वार्टर गेटपासून गुळवे सर गाडी ढकलत आले.
मागून सुमेध, हेल्मेट छातीशी धरून.
"काही केलं नाही हो. उभ्या उभ्या बिघडली,"
असं तो म्हणाला. गाडीनं ऐकून घेतलं.

पाय ठेवताच किक खाली गेली,
रिकाम्या जात्याचा खुंटा फिरावा तशी.
प्लग काढला: ओला, काजळ धरलेला.
भोकावर अंगठा दाबून मारली किक.
अंगठा उडायला हवा.
लागला नुसता श्वास, आजाऱ्याचा.
मग चमचाभर ऑइल आत. पुन्हा किक.
आता उडाला.
म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष;
दुखणं खाली आहे, रिंगांत, किंवा रिंगांच्याही पलीकडे.

सर म्हणाले, "खर्चाचा आकडा आधी सांगा."
म्हटलं, पोट उघडल्याशिवाय डॉक्टरही सांगत नाही.
"सांगतात," सर म्हणाले. "ॲडव्हान्सही घेतात."

हेड उतरलं. ब्लॉक वर सरकवला
आणि पिस्टन उजेडात आला:
एक्झॉस्टच्या अंगाला उभे ओरखडे,
बाहेर राहिलेल्या मांजरानं दार खरवडावं तसे.
ॲल्युमिनियम वितळून फासलेलं,
दुसरी रिंग खाचेतच लिंपलेली.
डिपस्टिक पुसायची गरजच पडली नाही,
कोरडीच होती.
हे उभ्या उभ्या होत नाही.
हे होतं लांबच्या चढावर, खंबाटकीसारख्या,
तिघे बसलेले, थ्रॉटल शेवटपर्यंत पिळलेला,
आणि सगळ्यात मागचा ओरडत असतो: हाण!
मी सुमेधकडे पाहिलं.
तो भिंतीवरचे स्पॅनर मोजत होता.

माझे उस्ताद, मन्सूर शिकलगार, म्हणायचे,
पोरी, पिस्टन साक्षीदार आहे, फिर्यादी नाही.
साक्ष ऐक. कोर्ट भरवू नकोस.

"रिंगा जुन्या झाल्या होत्या, सर."
छातीशी धरलेलं हेल्मेट जरा खाली आलं.
सरांनी खिशातली वही काढली
(तारीख, लिटर, किलोमीटर, बारीक अक्षरात),
एक पान पाहिलं, मिटली.

पिस्टन आधी घ्यायचा, बोअर नंतर.
इथं चपलेच्या मापानं पाय तासतात.
पन्नास ओव्हरसाइज. माथ्यावर बाण.
बोअरिंगला उजगरे मामा, कानात कापूस,
ब्लॉकमध्ये बोट फिरवून सांगतात
ते गेजला नंतर पटतं.
शेवटी होनिंगचे तिरके चरे.
आरशासारखं गुळगुळीत नको, ऑइलला धरायला काही हवं.
तेल लावून पिस्टन सोडून पाहिला:
विहिरीत हलकेच सोडलेल्या कळशीसारखा
आपल्याच वजनानं उतरला.

रिंगांची तोंडं तीन दिशांना.
एका रेषेत आली की आतलं बाहेर फुटतं.
सर्कलिप लावताना चेंबरच्या तोंडावर फडकं.
एकदा नव्हतं घातलं.
दिवाळीच्या आदल्या रात्री टिंग झालं, क्लिप आत.
सगळं इंजिन उघडलं मी, रडत.
उस्तादांनी दोन चहा सांगितले,
आणि माझ्या कपात साखर जास्त.

दुसऱ्या किकला लागली.
निळसर धूर, मग विरळ, मग नाहीच.
टकटक गेली.
"पाचशे किलोमीटर सांभाळा," मी म्हटलं,
"चाळीसच्या वर नाही. ऑइल बघत राहा."
सरांनी किल्ली सुमेधच्या हातावर ठेवली.
"पाचशे हाच चालवेल. मी मागे बसेन."
वहीही त्यालाच दिली, त्याच पानावर उघडून.
मला उलटं दिसलं, पण दिसलं:
एक रविवार, एकशे बेचाळीस किलोमीटर,
आणि खाली पट्टी लावून मारलेली
पेन्सिलची दुहेरी रेघ.
शेरा काहीच नाही.

गेले.
चाळीसच्या कितीतरी खाली.
सिग्नलपर्यंत मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न चालू होता.
दोघांपैकी कोणीच वळून पाहिलं नाही.