कोरडी जागा

जेराल्डटनच्या वाळूवर, सकाळी नऊला,
मर्व्ह नातीच्या नाकावर
झिंकचा निळा पट्टा ओढतो.
ब्रॉन्टे पाय आपटते, "पुरे ना!"
तो ऐकत नाही. कानामागे, मानेवर,
गुडघ्यामागच्या लवणीत,
भिंत लिंपावी तसं लिंपतो.

"तुझा कान कुणी खाल्ला, पॉप?"
"उन्हानं. चवीचवीनं. चाळीस वर्षं."

हे मात्र सांगत नाही
की त्याची आईच खोबरेल चोपडून
त्याला उताणं झोपवायची, रंग चढावा म्हणून;
आणि रात्री भावंडं
एकमेकांच्या पाठी सोलायची, पैजेवर:
सगळ्यांत लांब साल कुणाची.

टोपी सावरत ब्रॉन्टे पळते.
घोट्याजवळ बोटभर जागा
कोरडी राहिली आहे.
त्याला ती
लाटांपर्यंत दिसत राहते.