पेक्षा

म्हसरूळला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर,
साडेसात ते नऊ मी इंग्रजी शिकवते.
सहा बाक, एक ट्यूबलाइट,
खालून वार्निशचा वास.

आज तुलना.
फळ्यावर लिहिलं : कोल्ड, कोल्डर, कोल्डेस्ट.
उदाहरण घेतलं सकाळच्या पेपरातलं :
निफाड इज कोल्डर दॅन नाशिक.
सगळ्यांनी माना डोलावल्या,
मफलरीसकट.

मग म्हटलं, बघा,
मराठीत विशेषण जागचं हलत नाही.
मोठा तो मोठाच.
आपण फक्त दुसऱ्या कुणाला तरी ओढून आणतो,
त्याच्या पाठीला 'पेक्षा' डकवतो
आणि शेजारी उभं करतो, मापाला.
इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं.
अर. एस्ट.
लांबलचक शब्दांना ते पेलत नाही,
म्हणून त्यांच्यापुढं मोअर चालतो, मोस्ट चालतो,
वरातीत गॅसबत्तीवाला चालायचा तसा.

"बिगरमध्ये जी दोनदा का?"
यशोदा भोये. पेठकडची.
दिंडोरी रस्त्याच्या पॅकहाउसात द्राक्षं निवडते,
बोटं काळपट, वही कोरी करकरीत.
मी म्हटलं, नियम आहे.
एकटा स्वर, मागे एकटं व्यंजन, तर ते दुप्पट.
ती म्हणाली,
"मोठं व्हायचं तर पोटात जागा करावी लागत असेल."
माझ्या नियमापेक्षा हे बरं होतं.

तिच्या एप्रनच्या खिशात प्लास्टिकची कडी असते,
अठरा मिलिमीटरची.
मणी कडीतून खाली पडला
की त्याचं परदेश हुकलं.
"पण मॅडम, अडकतो तो बिगर,
पडतो तो स्वीटर.
हे कसं लिहायचं?"
कसं लिहायचं ते सांगितलं.
कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी हट्टी शब्द घेतले, नियमाला न जुमानणारे.
गुड, बेटर, बेस्ट.
बॅड, वर्स, वर्स्ट.
लिटल, लेस, लीस्ट...
इथं प्रल्हाद खैरनार फिसकन हसला
(तिथंच फोर्कलिफ्ट चालवतो) :
"लीस्ट म्हणजे बायांची हजेरी."
बाप्यांना साडेपाचशे, बायांना साडेतीनशे.
यशोदा हसली नाही.
दोन्ही आकडे वहीत उतरवले तिनं
आणि मधोमध लिहिलं, लेस दॅन.
पहिल्यांदाच स्पेलिंग न विचारता.

गृहपाठ : पाच वाक्यं, स्वतःबद्दल.
माझी बहीण माझ्याहून उंच आहे.
माझा विळा तुमच्या पेनापेक्षा धारदार आहे.
कळसूबाई सगळ्यात उंच, पण माझ्या घरून दिसत नाही.
चौथं खोडलेलं, कागद खरवडून.
पाचवं असं :
माय लाइफ वॉज बेटर देन.

दॅन नव्हे. देन.
ए च्या जागी ई.
ही चूक वर्गात निम्मे जण करतात,
माझा हात सवयीनं चालला,
लाल शाईत ई चा ए झाला.

मग पुन्हा वाचलं.
तिचं वाक्य पुरं होतं : तेव्हा बरं होतं.
मी दुरुस्त केलं आणि ते अर्ध्यावर तुटलं.
बरं होतं, कशापेक्षा?
कोण होतं तेव्हा? चौथ्या वाक्यात कोण होतं?
उजेडाकडं धरून पाहिलं,
एक काना, एक वेलांटी, बाकी रेघोट्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हंगाम संपला.
पॅकहाउसच्या शटरला कुलूप.
यशोदा पेठला गेली,
जूनआधी राब भाजायचा असतो म्हणाली होती.
वही माझ्याकडंच राहिली.

परवा नव्या तुकडीला तोच धडा.
फळा पुसला, लिहिलं : हॉट, हॉटर,
टी दोनदा.
कुणीच विचारलं नाही, का.
टेबलाच्या खणात तिची वही,
पाचवं वाक्य तसंच,
दॅन
आणि पुढं
माझ्या लाल शाईचा एक ठिपका,
पूर्णविराम म्हणून दिला होता की
पेन टेकवून थांबले होते,
आता आठवत नाही.